सातच्या पाळीची खूण

नवऱ्याचं नाव कुशाबा. घेतलं बाई नाव, आता या वयात कोण ओरडतंय! मिलमध्ये अठरा वर्षं कापड विणायच्या साच्यावर होते, एक दिवस उशीर नाही. सातची पाळी म्हणजे सातला पाच कमी असताना हे गेटवर. संप झाला, भोंगा बंद पडला, तरी काळाचौकीच्या खोलीत हे साडेपाचला आंघोळ करून तयार. जायचं कुठं, ते माहीत नाही! मला नुसता वैताग यायचा.

चौथ्या वर्षी शिवडीला काम लागलं. समुद्राचं पाणी वस्तीत शिरायचं, म्हणून भिंत बांधणार होते. ती किती उंच हवी हे ठरवायला इंजिनियर साहेबांनी पाण्यात एक खांब रोवला आणि ह्यांना सांगितलं, "भरतीचं पाणी कुठवर चढतं ते महिनाभर बघ आणि खूण कर." हे रोज सातच्या ठोक्याला हजर. खूण करायची आणि मग दिवसभर आतल्या गोदामात सिमेंटची राखण. साहेब खूश झाले. सगळ्यांत वरची खूण धरली, त्यावर हातभर वाढवलं आणि भिंतीची उंची ठरली. कामाला सुरुवातही झाली.

सोनूबाई कोळीण चाळीत मासे घेऊन यायची. तिचं घर त्या भिंतीच्या अगदी मागे. एकदा बांगडे निवडताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या ह्यांनी रोज सातला जाऊन भरती मोजली. तिच्या हातातला कोयता थांबला.

"सातला? अगो बाय, पुनवेला-आवसेला मोठं उधाण येतं ते भर दुपारी, बाराच्या पुढं. त्या दिवशी सकाळी सातला ओहोटी असते! सातला भरतं ते अष्टमीचं पाणी. ते कसलं पाणी, मेलेलं! तुझ्या नवऱ्यानं तेच मोजलं. माझं घर बुडवणार तुम्ही!"

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, समुद्राचं वेळापत्रक आम्हांला कुठलं ठाऊक! ह्यांना सांगितलं तर घास हातातच राहिला.

"साहेबांना सांगायला हवं," म्हणाले.

"गप बसा," मी म्हटलं. "तीन वर्षांनी चूल नीट पेटतेय." हो, मीच म्हटलं. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पुनवेला हे दुपारी बाराला खांबापाशी गेले. पाणी वरच्या खुणेच्या दोन हात वर! म्हणजे भिंत झाली असती तरी हातभर पाणी तिच्यावरून गेलं असतं. तसेच साहेबांकडे गेले आणि चूक कबूल केली. साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. भिंत मात्र तीन हातांनी वाढवली. सोनूबाईनं दोन पापलेटं आणून दिली. मी रागानं तळली, पण तळली.

आता ह्यांनी पंचाहत्तरी ओलांडली. सोनूबाई गेली, तिच्या घरात तिची सून कालिंदी राहते. तरी दर पुनवेला, दर आवसेला हे खिशात खडू टाकून भर उन्हात शिवडीला जातात. अष्टमीला कधी नाही! खूण दरवर्षी वर सरकतेय. गेल्या पुनवेला ती भिंतीच्या माथ्यापासून चार बोटांवर आली. तेव्हापासून घरात ह्यांचा पाय ठरत नाही. दार, खिडकी, पुन्हा दार. पालिकेच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले. तुम्ही कोण, विचारतात. अर्ज आणा म्हणतात.

काल मोरीपाशी उभे राहून म्हणाले, "जाई, चुकीची खूण केली तेव्हा साहेबांनी लगेच मानली गं. आता बरोबर करतोय, तर कोणी बघायलासुद्धा येत नाही."

उद्या आवस आहे. कालिंदीला निरोप धाडलाय, वस्तीतल्या बायका घेऊन बाराला भिंतीपाशी ये म्हणून. तिथून सगळ्यांनी मिळून ऑफिसात जायचं. मीपण जाणार. त्या वेळी ह्यांना गप बसवलं होतं, उद्या मीच ओरडणार आहे.