हाडांचं टॉनिक

आई अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि मनगटात हात मोडून बसली, तेही गौरी दीड-दोन महिन्यांवर आल्या असताना. गौरीपुढच्या फुगडीत तिला हरवणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे, असं ती स्वतःच सांगते. त्यामुळे शहापूरच्या डॉक्टरांना तिने दुखण्याचं काही विचारलंच नाही. फुगडी जमेल का, एवढंच विचारलं.

डॉक्टर सज्जन माणूस. हाडात ग्रोथ फॅक्टर नावाची द्रव्यं असतात, ते सांगू लागले. हाड मोडलं की ती बांधकाम करणाऱ्या पेशींना हाक मारतात. वय झालं की ही द्रव्यं कमी होतात, आणि पेशींनाही हाक पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

"म्हंजे गवंडी हायेत, पन मुकादम रिटायर झालाय," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि प्लास्टर घातलं.

बाबांनी एवढ्या सगळ्यातून 'ग्रोथ' हा एकच शब्द उचलला, कारण तो त्यांच्या ओळखीचा. भाजीवर मारायच्या टॉनिकच्या बाटलीवर तो असतो. मला न सांगता ते किन्हवलीला खताच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, किती दिवसांचं झालंय? बाबा म्हणाले, सत्तरीचं. मग फुलोऱ्यात असेल, म्हणत त्याने बाटली दिली.

बाटलीवर टोमॅटोचं चित्र होतं. मी कपाळाला हात लावला. आईने शांतपणे मला ते औषध शिराळ्याच्या वेलाला घालायला सांगितलं. वेल महिन्याभरात कौलांवर चढला. ओटीवर प्लास्टर मांडीत घेऊन आई त्याच्याकडे जळून बघायची, आणि त्याची भाजी केली की दोन घास कमीच खायची.

गौरी आल्या. प्लास्टर निघालं होतं, पण डॉक्टरांनी फुगडीला साफ नाही म्हटलं होतं. अंगणात बायका गरगर फिरत होत्या आणि आई खांबाला टेकून उभी होती. मला ते बघवेना.

तेवढ्यात बाबा लेंगा खोचून बायकांमध्ये शिरले. सगळ्या खो-खो हसल्या. बाबांनी आईचा धडधाकट हात धरला.

"चल गो. माजा पन मुकादम रिटायर झालाय. हलू हलू फिरू."

दोघं जेमतेम दीड गिरकी फिरले आणि बाबा मटकन खाली बसले. आई म्हणते, यंदाही तीच जिंकली.