तक्रार नसलेले दहा दिवस

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर खिडक्या, अक्षरं, माउसचा बाण दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते लिहितात दुसरेच. मी ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीच्या एका वितरणासाठी पॅकेज करतो, म्हणजे लोकांच्या मशीनवर ते बिनबोभाट बसेल अशी व्यवस्था लावतो. पगार नाही, साहेब नाही, हौसेनं घेतलेलं काम. त्यात मी कैक वर्षं अडकलोय. सोडायला एका ओळीचं पत्र पुरतं, आणि ते मी कितीदा तरी लिहून खोडलंय. मी सोडलं तर बघणार कोण, हा माझा माज की भीती, मलाच कळत नाही.

यंदा जुनं काढून नवं आणायचं होतं. नव्याला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड हवा, त्या लायब्ररीला आणखी दोन. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून आलो की मी खोलीत शिरायचो आणि दार लावून घ्यायचो. रविवारही तसेच गेले. बाहेर अक्का एकटी जेवायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. ती शाळेतून निवृत्त झाली, आता नजर अधू झालीय. स्क्रीनवरची अक्षरं चौपट मोठी करून रोज पेपर वाचते, तोच तिचा विरंगुळा. नवं पॅकेज मी आधी तिच्याच मशीनवर घालतो.

आमचा नियम असा की पॅकेज दहा दिवस चाचणीत राहतं. तेवढ्यात कुणी तक्रार केली नाही, तर ते आपोआप सगळ्यांकडे जातं. गप्प बसणं हाच होकार.

"अक्का, नीट चाललंय ना?" मी रोज विचारायचो.

"सरी आहे रे, ठीक चाललंय. ये, जेवायला बस."

त्या दहा दिवसांत मी माणसात आलो. रोज समोरासमोर जेवलो. ती शेजारणीची नक्कल करायची आणि मला हसून ठसका लागायचा. अकराव्या दिवशी पॅकेज सगळीकडे गेलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

तो रविवार होता. दुपारी पहिल्यांदाच मी ताटं वाढली आणि तिला हाक मारायला गेलो. ती स्क्रीनला नाक लावून बसली होती, हातात भिंग धरून.

"मोठं करून का वाचत नाहीस?"

"होत नाही ते. तू नवीन घातलंस तेव्हापासून."

मी भडकलो. "मग बोलली का नाहीस? रोज विचारत होतो मी!"

तिनं भिंग खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर परत आत जाऊन बसला असतास. स्वल्प दिवस पेपर नाही वाचला म्हणून काय झालं?"

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर तिचा रागही आला. जुनं मीच काढून टाकलं होतं. तिच्यासारखे किती जण आता असेच स्क्रीनला नाक लावून बसले असतील, आणि ते सगळं माझ्या हातून झालं होतं. माझ्याच पॅकेजवर मलाच तक्रार लिहावी लागणार होती. आणि दुरुस्तीही मीच करायची.

"बघतो," मी म्हणालो. "होईल लवकर."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि माझं ताट झाकून ठेवलं.