मागच्या फळ्यांचा रंग

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, ज्यांच्यासोबत बसस्टँडवर पत्रकं वाटली त्यांच्यापाशीही नाही. तुम्ही माझं एखादं पत्रक वाचलं असेल, तर तुमची फसवणूक झाली आहे — आणि ती मी केली आहे.

गोष्ट रंगाची आहे. लाकडाच्या रंगाची. रंगात काय एवढं, असं वाटेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा छापखान्यातून उरलेले गठ्ठे आणायचे. कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची आणि उलटून छापलेली बाजू वाचायची. 'समता' हा शब्द मला आडनावाच्या आधी लिहिता आला. सहा वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या आमच्या जुन्या वाचनालयाचा माडीवरचा हॉल दुरुस्तीला काढला, तेव्हा समितीने जमिनीचं काम माझ्यावर सोपवलं. "तिले समजते," म्हणाले. किती फुगले होते मी.

जमीन सागवानी फळ्यांची. शेषराव मिस्त्रीने तीन दिवस मशीन फिरवून जुनं पॉलिश काढलं, तर खालून मधासारखा रंग निघाला. फक्त दाराकडच्या शेवटच्या दहा-बारा फळ्यांवर, प्रत्येक खिळ्याभोवती, रुपयाएवढा काळा डाग होता. पुढच्या एकाही खिळ्याला नाही.

मिस्त्री उकिडवा बसला. "ताई, इथं पानी पडलं हाय. एकदा नाई, कितीक खेपा. सागवानात लोखंडी खिळा असला अन् पानी मुरलं, का आतून काळं पडते. हे घासून जात नाई."

पाणी — छपराखाली, माडीवर, आणि तेवढ्याच फळ्यांवर?

उत्तर डोमाजीकाकांनी दिलं. वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी पेपर वाचायला येतात. लहानपणी ते वडिलांसोबत इथे भाषणं ऐकायला यायचे. पुढे सतरंजी, सतरंजी संपली की त्यांच्या वस्तीतल्या लोकांची जागा, उघड्या फळीवर. सभा संपून ती माणसं जिना उतरली की सेक्रेटरी गडव्यातलं पाणी त्या जागेवर शिंपडायचे. एकदा विसरलेली टोपी घ्यायला काका परत वर आले आणि त्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून टोपी घातली नाही.

"मशीन लावली तरी नाई गेलं," काका हसले. "सेक्रेटरीचं पानी पक्कं होतं, पोरी."

सेक्रेटरी म्हणजे माझे आजोबा. काकांना ते माहीत होतं. म्हणूनच हसले — मला सोपं जावं म्हणून.

मिस्त्रीने दाराशी हातभर जागेवर जवसाचं तेल लावून दाखवलं, शेजारी गडद वॉलनट रंगाचं पॉलिश. तेलात डाग आणखी उठून आले. वॉलनटखाली काहीच दिसेना. "तेल लाव," काका म्हणाले. "दिसू दे. नातवाईले माही जागा दाखवीन." मी मान हलवली. हो म्हणाले. त्यांचा हातही हातात घेतला — आणि त्या हात धरण्याचीच मला आज सर्वांत जास्त किळस येते.

कारण उद्घाटनाला आजोबांचा फोटो लागणार होता, खादीतला, सूत कातताना. पाहुणे जमिनीकडे बघणार, डाग कसले ते विचारणार, काका सांगणार. आणि मग सगळे कुणाकडे बघणार? मला अन्यायावर बोलायला आवडतं. तो दुसऱ्याच्या घरातला असला की.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला सांगितलं — वॉलनट. सगळीकडे.

काका आले तेव्हा मिस्त्री कोपऱ्यात ब्रश धूत होता. काकांनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "मिस्त्री म्हणाला, तेल टिकत नाही." माझा आवाज जराही हलला नाही. मिस्त्रीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत ब्रश धुवायला लागला. तो काय बोलणार होता? काम मीच दिलं होतं ना.

"शेषराव, तुहं काय जात होतं बे?" काका म्हणाले. "माह्या बापाची जागा होती ते."

ही दोन माणसं कितीतरी वर्षं टपरीवर एकच चहा दोन कपांत घेत. त्यानंतर घेतला नाही. मिस्त्री आता दिसला की काका पेपर वर धरतात. माझ्यासाठी मात्र शेजारची खुर्ची ओढतात, "नवं काय लिहून राह्यली?" विचारतात. त्याच महिन्यात मी एक पत्रक लिहिलं होतं — इतिहासावर रंग फासणाऱ्यांबद्दल. काकांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मी बघत उभी होते.

तेल प्यालेल्या लाकडावर वॉलनट चढत नाही. दाराशी ती हातभर जागा तशीच राहिली, पिवळी, चार काळ्या डागांची. तिच्यावर जुन्या अंकांचं कपाट आहे. काका त्या कपाटाला पाठ टेकून पेपर वाचतात.

त्या दिवशी काका यायच्या आधी ते कपाट तिथे मीच सरकवलं.