ताईनं पाहिलेली विनाशिका

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई सोळाची. बाबा रेल्वेत गँगमन, आठवडा-आठवडा घराबाहेर. वलगावच्या घरात मला वाढवलं ते ताईनंच. मी नौदलात भरती झालो, तेव्हा कुठे तिनं लग्न केलं आणि अकोल्याला गेली. तिथं ती अंगणवाडी सेविका होती.

माझी नेमणूक क्षेपणास्त्रं डागणाऱ्या विनाशिकेवर झाली. काम रडारच्या पडद्यासमोर बसायचं. एकदा घरच्या माणसांना जहाज दाखवायचा दिवस होता, तेव्हा ताई आणि भाऊजी मुंबईला आले. ताई सगळ्या डेकवर फिरली आणि म्हणाली, "कुठी आहेत रे तुये क्षेपणास्त्रं? मले तर नुसते झाकणंच दिसून राहिले."

"त्या झाकणाखालीच उभे आहेत," मी म्हटलं.

"मंग हे जहाज मारते का राखते?"

मी सांगितलं की, नाव विनाशिका असलं तरी आमचं बरंचसं काम राखणीचंच. मोठ्या जहाजांच्या आजूबाजूला राहायचं, आकाशातून किंवा पाण्याखालून काय येतंय ते सगळ्यांच्या आधी पाहायचं आणि ते पोचायच्या आत निकामी करायचं. तिनं मान हलवली. "म्हंजे तुयी नजर हटली का संपलं."

गेल्या वर्षी आम्हाला व्यापारी जहाजांच्या सोबतीला पाठवलं. निघायच्या आधी मी ताईला फोन केला. तिचा आवाज बारीक येत होता.

"आवाज काहून असा येऊन राहिला?"

"घसा बसला रे बाबू, लेकरायले ओरडू ओरडू."

मी विश्वास ठेवला.

समुद्रात एका दुपारी माझ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. किनाऱ्याकडून आमच्या सोबतच्या एका मालवाहू जहाजाकडे सरळ येत होता. मी ओरडून दिशा आणि अंतर सांगितलं. काही क्षणांत आमचं क्षेपणास्त्र सुटलं, सगळं जहाज हादरलं आणि ठिपका नाहीसा झाला. त्या मालवाहू जहाजाच्या कप्तानानं वायरलेसवर आभार मानले. घरी गेल्यावर हे ताईला सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

तीन दिवसांनी आमच्या कप्तानांनी मला बोलावलं, समोर बसवलं आणि ताई त्या सकाळी गेल्याचं सांगितलं. कॅन्सर होता. सोबतची जहाजं सुरक्षित पाण्यात पोचेपर्यंत वळता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. ड्यूटी नको असेल तर दुसरा माणूस बसवतो म्हणाले. मीच बसतो म्हटलं. बंकवर पडून काय करणार होतो?

अकोल्याला पोचलो तेव्हा अंत्यसंस्कारानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. बुद्धाच्या तसबिरीशेजारी ताईचा फोटो ठेवला होता. भाऊजींनी तिची फाइल माझ्यापुढे ठेवली. मी मुंबईहून फोन केला, त्या आठवड्यात तिची तिसरी केमो झाली होती.

"मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडलोच.

"तिनंच शपथ घातली होती. म्हणे, त्याले सांगसान तर त्याचं ध्यान उडन. त्याच्या भरवशावर तिकडं लोकं आहेत."

"तिनं म्हटलं अन् तुमी ऐकलं?"

भाऊजींनी फाइल मिटली. मग म्हणाले, "रोज फोन हातात घ्यायचो. ती पलंगावरून पाहून राहायची." आणि तोंडावर उपरणं धरून ते रडायला लागले. मला त्यांच्यावर रागावणं पुढे जमलं नाही. ताईवर मात्र अजून रागावलेलो आहे.

आता मी परत जहाजावर आहे. बंदरात असलो की रविवारी भाऊजींना फोन करतो. बोलायला दोघांकडेही फारसं काही नसतं. ते माझी तब्येत विचारतात, मी त्यांची. ते "बरा आहो" म्हणतात, आणि दर वेळी मी म्हणतो, "भाऊजी, खरं सांगा."