पाचवे भंते

लिपेय याकवाल्याने आयुष्यभर गांधारचा माल खिंड ओलांडून आपल्या दरीत उतरवला. सुती कापड, निळे खडे, एकदा तर पितळेची जड घंटा. आता मात्र त्याला आणायचा होता एक भिक्खू, आणि तेच काही जमत नव्हतं.

दरीतल्या विहारात भिक्खू चार, तेही सगळे बाहेरून आलेले. लिपेयचा मुलगा सुगीत तिथे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू होता. वीस वर्षांचा झाला, पाठांतर चोख, पण अशा दूरच्या मुलखातही उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा द्यायला पाच भिक्खू लागतात. मागच्या शरदात पाचवे निघाले आणि खिंड बघूनच माघारी वळले. त्यात सुगीतचे वृद्ध आचार्य हा हिवाळा काढतील असं कुणालाच वाटत नव्हतं. ते गेले की उरणार तीन, एकाच्या जागी दोघं आणावे लागणार, मग दरीतलं पोर भिक्खू होणं कायमचं राहिलं.

"रिकाम्या हातानं आलात तर चुलीपाशी फिरकू नका," बायकोने, कोनुमाने, निघताना बजावलं होतं.

या खेपेला भंते जीवमित्र मिळाले. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत पक्के, अंगाने भरलेले आणि हट्टी. भिक्खूने वाहनावर बसायचं नसतं, आजारी असेल तरच. म्हणून स्वारी पायी निघाली.

अर्ध्या चढावर भंतेंचे ओठ निळे पडले. चार पावलं टाकली की ते दगडावर टेकत. उत्तरेला ढग काळवंडत होते, आणि बर्फ पडलं की वसंतापर्यंत वाट बंद. लिपेयने हात जोडले, याक गरीब आहे म्हणून सांगितलं. थकवा म्हणजे आजार नव्हे, असं भंतेंचं एकच पालुपद. शेवटी ते म्हणाले, मी इथूनच मागे फिरतो. लिपेयला संताप आला.

तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "भंते, डोकं दुखतंय?"

"दुखतंय."

"सकाळचा सातू पोटात राहिला?"

"नाही राहिला."

"मग सरळ सांगा. तुम्ही आजारी आहात की नाही?"

भंतेंना खोटं बोलणं वर्ज्य आणि खरं बोलायला अभिमान आड येत होता. त्यांनी याककडे पाहिलं. याकही त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता खोकला आला.

"आहे बाबा, आजारी आहे. आण तुझं ते जनावर."

खिंड चढून आलेला प्रत्येक जण एक दगड ठेवतो त्या माथ्यावरच्या राशीवर भंतेंनी याकवरूनच आपला दगड टाकला. बर्फ भुरभुरायला लागलं तेव्हा खाली विहाराचं छप्पर दिसत होतं. लिपेय इतका ओरडत उतरला की कोनुमाच काय, अर्धी दरी घराबाहेर आली.

उपसंपदेच्या दिवशी विधीसाठी आखलेल्या सीमेच्या दगडांच्या आत फक्त संघ. आचार्यांना उचलून आणलं होतं. आई-बाप बाहेर बर्फात उभे. विधीतले ठरलेले प्रश्न विचारायचे होते जीवमित्रांनी, आणि पहिलाच प्रश्न त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारला.

"तुला काही आजार आहे का?"

"नाही, भंते," सुगीत म्हणाला.

लिपेयला हसू आवरेना. कोनुमाने त्याला कोपराने ढोसलं. पण आई-वडिलांची परवानगी आहे का, असं विचारल्यावर सुगीत "आहे" म्हणाला आणि लिपेय रडायलाच लागला. ज्या पोराला आजवर गाढवा म्हणून हाक मारली, त्याच्या पायाशी त्याने संध्याकाळी डोकं टेकवलं.

आचार्य त्याच थंडीत गेले, समाधानाने. वसंतात लिपेय जीवमित्रांना विचारायला आला, पलीकडे पोचवू का?

"मी आता ठणठणीत आहे," ते म्हणाले. "म्हणजे याकवर बसता येणार नाही. आणि पायी तर मी ती खिंड चढत नाही. इथेच राहतो."

लिपेयने तिथेच बोटं मोजली. जुने तीन, जीवमित्र चौथे आणि पाचवा सुगीत. पुढच्या पोराच्या उपसंपदेसाठी खिंडीपलीकडून कुणालाही आणावं लागणार नव्हतं.