प्रल्हादचं एक खोटं

प्रल्हाद गेल्याचा मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मला तो खरा वाटला नाही. धक्का वगैरे बसून नव्हे. मला कोणताच मेसेज पहिल्यांदा खरा वाटत नाही. कोणी गोड बोललं की याला काय हवंय, आणि कोणी गप्प बसलं की हा काय लपवतोय, असा माझा जुना स्वभाव. समोरच्या किराणा दुकानात जाऊन विचारलं. खरं होतं. सकाळी मेडशी गावातल्या त्याच्या घरी छातीत दुखायला लागलं, अकोल्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं... चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. मी घरी येऊन भाजी निवडत बसले, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की चला, माझं गुपित माहीत असलेला आता कोणी उरला नाही. त्या विचाराची मला लाज वाटते, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

मालेगावला बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्याकडे तो पहिल्यांदा आला माझ्या मुलाच्या बारावीच्या वर्षी, नवा कॉम्प्युटर जोडायला. चपला दाराबाहेर काढायच्या, रुमालाने कीबोर्ड पुसूनच हात लावायचा, आणि मशीन सुरू झाल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. समोरचं माणूस पासवर्ड टाकायला लागलं की हा चक्क भिंतीकडे तोंड करून उभा. आमच्या भिंतीवरचं खतवाल्याचं कॅलेंडर त्याने जितकं पाहिलं तितकं आम्हीही पाहिलं नसेल. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं फार कौतुक. मला मात्र वाटायचं, एवढं दाखवून दाखवून भिंतीकडे बघायची गरज काय?

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. घरात सगळ्यांची समजूत अशी की मी त्यावर भजनं ऐकते. ऐकायचेही. पण दुपारी हे शेतात गेले की मी लिहायला बसायचे. एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून काय काय झालं, कोण मला काय बोललं, मी काय काय गिळलं, सगळं नावानिशी. सासूबाईंचं, दिरांचं, आणि सगळ्यात जास्त यांचं. सगळं वाईटच होतं असं नाही, पण खरं होतं. ते यांच्या वाचण्यात आलं असतं तर आरडाओरडा झाला नसता, हे तसे नाहीत. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या दिवशी कोणाला तरी देऊन टाकला असता, आणि आम्ही दोघं त्यानंतर एकमेकांकडे न बघता जेवलो असतो.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सोंगणीवरून हे एका दुपारी लवकर परतले. फाटक वाजलं तशी मी अर्ध्या वाक्यात स्क्रीन लॉक केली आणि स्वयंपाकघरात पळाले. संध्याकाळी पासवर्ड टाकते तर चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. दिसतात ते नुसते काळे ठिपके, त्यातून कळणार काय? माझी खात्रीच पटली की यांनी बदलला. चोरून यांच्याकडे पाहिलं, तर हे शांतपणे बातम्या बघत होते, त्यामुळे संशय आणखीच बळावला. सहज म्हटल्यासारखं म्हटलं की भजनं लागत नाहीत, तर यांनीच प्रल्हादला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं, जरा थांबला आणि विचारलं, "काकू, याच्यात मराठी कोन टाइप करते?"

हे शेजारीच खुर्चीत बसले होते. "कोनीच नाही," मी म्हटलं. जरा जास्तच लवकर म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "काका, सिस्टिमची सेटिंग बिगडली याची. दुकानात न्या लागते."

दोन दिवस मशीन त्याच्याकडे, चिठ्ठी त्याच्याकडे, आणि माझा जीव टांगणीला. परत आला तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत होता, पण स्क्रीनवर समोरच असायची ती माझी फाइल जागेवर नव्हती. अर्धी दुपार शोधली. मुलाच्या शाळेतल्या जुन्या प्रकल्पांच्या फोल्डरमध्ये, त्याच्याही आतल्या फोल्डरमध्ये सापडली. म्हणजे याने ती पाहिली. वाचली. कदाचित उतरवूनही घेतली... त्या दिवसापासून मी त्याला टाळायला लागले. रस्त्यात भेटला की मशीन बरी चालते ना, एवढंच विचारायचा, आणि मला त्यात धमकी ऐकू यायची. मग एका शाळेच्या समितीत, जिच्यावर मी होते, कॉम्प्युटर दुरुस्तीचं वर्षाचं काम कोणाला द्यायचं यावर बोलणं निघालं. मी सगळ्यांसमोर म्हटलं की प्रल्हाद कामाचा माणूस आहे, पण मशीन दुकानात नेऊन आत डोकावतो. काम दुसऱ्याला गेलं. प्रल्हादने मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि त्याच्या न विचारण्यातही मला काळंबेरंच दिसलं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी कॉम्प्युटरने स्वतःच काही अपडेट करून घेतलं आणि पासवर्ड पुन्हा चुकायला लागला. हे वाशिमला लग्नाला गेले होते. ऑटोत मशीन टाकून मी एका नव्या दुकानात नेली. तिथल्या मुलीने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं, दोन बटणं एकदम दाबली आणि पासवर्ड लागला. काय बिघडलं होतं, मी विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही, कीबोर्ड मराठीवर राहिला होता. मराठी लिहिता लिहिता लॉक केलं की असं होतं, आणि ठिपक्यांमुळे कळत नाही. पासवर्डच्या वेळी इंग्रजीच यावं अशी सेटिंग आधी कोणीतरी करून ठेवली होती, ती अपडेटमध्ये उडाली. मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. म्हणजे त्या सकाळी त्यालाही दोनच बटणं दाबायची होती. पण ती दाबली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि आपल्या घरात मराठी लिहितं कोण, हे यांनी विचारलंच असतं. माझ्या त्या घाईच्या उत्तरातून त्याला सगळं कळलं होतं. म्हणून तो खोटं बोलला, मशीन नेली, सेटिंग केली, फाइल आत सरकवून ठेवली. वाचली की नाही, ते मला अजून माहीत नाही. माझ्यासारखीला ते न कळणं फार जड जातं.

मी मेडशीला गेले. सुनंदा, त्याची बायको, दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. मी कशीबशी सुरुवात केली, तर तिने मधेच अडवलं.

"तुमच्या मशीनीत असं काय होतं काकू? तवा दोन दिवस दुकानात कोनाले येऊ देल्लं नाही त्यायनं. मी इचारलं तं म्हने, कोनाचं कोनाले सांगत नसतात. मले काय काय वाटलं असन?"

माझं गुपित त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी तीन वर्षं तिचा संशय अंगावर घेतला होता. तिच्याकडे पाहताना मला माझाच चेहरा दिसत होता. मी तिला सगळं सांगितलं, फाइलचं, यांचं, समितीतलंसुद्धा. ती रडली नाही. तिची मुलगी एसटीने त्याच शाळेत जाते, आणि बापाबद्दलचं ते बोलणं तिच्याही कानावर आलेलं आहे. मी म्हटलं, उद्याच हेडमास्तरांना भेटून खरं काय ते सांगते.

"त्यायच्या एकट्याच्या कानात सांगसान," सुनंदा म्हणाली. "बोलल्या तवा तं समद्यायच्यात बोलल्या ना?"

मग तिने मला आत बोलावलं, चहा दिला, आणि आम्ही दोघी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. तिने त्या खुर्चीवर अजून कोणाला बसू दिलेलं नाही.

तर आता सगळ्यांमध्ये सांगते. प्रल्हादने माझं काहीही चोरलं नाही, माझ्याबद्दल कोणाला एक शब्द सांगितला नाही. समितीत मी बोलले ते खोटं होतं, आणि स्वतःला वाचवण्यासाठी होतं, कारण त्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी मी आमच्या घराबद्दल लिहीत होते. अजूनही लिहिते. हा लेख पेपरच्या पुरवणीला पाठवल्याचं मी यांना सांगितलेलं नाही. रविवारी पेपर आधी यांच्या हातात जातो. पुरवणी हे जेवण झाल्यावर वाचतात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.