सकाळी उठणारं कार्ड

वसराम राठोड इंजिनीअर होऊन तांड्यावर परतला तो एक जुना कॉम्प्युटर घेऊन. साल दोन हजार सहा. पुण्याच्या एका कंपनीने त्याला आठ दिवसांची परीक्षा दिली होती: नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यातला दुभाष्या. कॉम्प्युटर झोपला की त्याने कार्डाला झोपवायचं, उठला की उठवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर जवळच्या गोरेगावला झेरॉक्सचं दुकान.

पहिल्याच सकाळी जमलं! गडी खूश. कॉम्प्युटर झोपवून शेतावर गेला, दुपारी येऊन उठवला, तर कार्ड मेल्यासारखं पडलेलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. समोर बसलं की उठतं, शेतावर जाऊन आलं की उठत नाही. हा काय प्रकार?

दुसऱ्या दिवशी तो आईवर खेकसला, "कुणी हात लावून राहिलं का याला?"

"न्हाई बा," नानीबाई घाईघाईने म्हणाली.

मग ऊन बाधत असेल म्हणून कार्डापुढे पंखा लावला. ओळी बदलल्या, पुन्हा होत्या तशा केल्या. चार वर्षं आपण नेमकं काय शिकलो, हेच बिचाऱ्याला कळेना. सातव्या दुपारी तो डोकं धरून खाली बसला.

नानीबाईला ते बघवेना. "म्याच भिंतीवरचं बटन बंद करते रे," ती रडायलाच लागली. "तू गेला का बंद, येताना दिसला का चालू. लाइट एकदम जोरात येती. शेजारच्या प्रेमदासचा टीव्ही न्हाई का जळाला? तू चिडला म्हणून खोटं बोलले."

वसराम ताडकन उठला. कॉम्प्युटर झोपताना आपलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो. कार्ड मात्र लिहीत नाही; भिंतीतून थोडा करंट येत राहतो, तेवढ्यावर त्याला सगळं आठवतं. बटन बंद झालं की ते सगळं विसरतं. आणि वसरामच्या ड्रायव्हरने कार्डाच्या आठवणीवर भरवसा ठेवला होता. चूक आईची नव्हती, त्याचीच होती. उठल्यावर कार्डाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, एवढ्याच ओळी राहिल्या होत्या. त्या त्याने तिथल्या तिथे लिहिल्या आणि कॉम्प्युटर झोपवला.

"याडी, बंद कर बटन."

आईने भीत भीत बंद केलं, मग चालू केलं. कॉम्प्युटर उठला. कार्डही उठलं.

"गेली का रे तुही नोकरी?" तिने विचारलं.

वसरामने तिचे दोन्ही हात धरले. "न्हाई याडी. लागली तर या हातांनीच लागंल."